प्रकल्प फाइल, संगणकीय

प्रकल्प फाइल, संगणकीय : एखादी संगणक आज्ञावली कोणकोणत्या फाइलींची मिळून बनली आहे, त्या फाइली कोठे ठेवलेल्या आहेत आणि त्यांवर कोणत्या अटींनी प्रक्रिया करावयाची, हे ज्या फाइलीत नमूद केलेले असते तिला प्रकल्प फाइल म्हणतात. आज्ञावली लिहिणे, तिचे संकलन करणे, ती चालवून पाहणे व तिच्यातील दोष शोधणे ही सर्व कामे एकाच ठिकाणी करू देणाऱ्या साधनास एकात्मिक विकसन परिसर किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून आयडीई असे नाव आहे. प्रकल्प फाइल बहुधा अशा परिसराकडूनच तयार होते व त्याच्याचकडून वाचली जाते. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. काहीतरी बिघडल्यावरच तिचे अस्तित्व जाणवते.

आज्ञावली लहान असेल, तर ती एकाच फाइलीत मावते आणि सभासदत्वाचा प्रश्न उद्‌भवत नाही. ती मोठी झाली की सोयीसाठी, अनेकांना एका वेळी काम करता यावे म्हणून आणि थोडासा बदल केल्यावर सर्व मजकुराचे पुन्हा संकलन करावे लागू नये म्हणून तिचे भाग पाडतात. संकलक प्रत्येक मूळ फाइलीचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करतो व जोडक हे सर्व तुकडे एकत्र सांधून चालविण्याजोगी आज्ञावली सिद्ध करतो. संकलकाला किंवा जोडकाला स्वतःहून हे कळत नाही, की अमुक फाइल या आज्ञावलीची आहे आणि तमुक नाही. एका कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फाइलींपैकी एक आज्ञावलीचा भाग असेल व दुसरी केवळ तेथे विसरून राहिलेली असेल. हा निवाडा कोणीतरी लिहून ठेवावा लागतो.

महसुली कामाचा परिचय असलेल्यांस ही कल्पना नवी वाटणार नाही. गावातील प्रत्येक भूमापन क्रमांक, त्याचे क्षेत्र व आकारणी यांची यादी आकारबंदात, म्हणजे गाव नमुना एकमध्ये असते, तर प्रत्येक जमिनीचा तपशील तिच्या सातबारा उताऱ्यावर असतो. उतारे कितीही काळजीपूर्वक लिहिलेले असले, तरी सर्व उताऱ्यांवरील क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे. एखादा क्रमांक यादीत असून त्याचा उतारा नसेल अथवा उतारा असून क्रमांक यादीत नसेल, तर दप्तरात चूक आहे असे समजतात. प्रकल्प फाइल हा आज्ञावलीचा आकारबंद होय. फरक एवढाच, की येथे बेरीज जुळवून पाहणारा तलाठी प्रत्येक वेळी हजर असतोच असे नाही.

उदाहरण : समजा, एखाद्या सहकारी साखर कारखान्यासाठी ऊसबिलांची आज्ञावली तयार करावयाची आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या प्रवरानगर येथे घातला गेला, त्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय विद्यार्थ्यांना सहज सुचण्याजोगा आहे. आज्ञावलीत सभासदांची नोंद, ऊसतोडीचा क्रम, वजनकाट्यावरील नोंद, कपाती, दर आणि देयक अशा सहा मूळ फाइली आहेत असे मानू. २००९ मध्ये केंद्र शासनाने ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून वैधानिक किमान किंमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर आणला. त्यानुसार एखाद्याने दराची फाइल नव्याने लिहिली, ‘दर_नवा’ असे तिचे नाव ठेवले आणि संदर्भासाठी जुनी फाइलही त्याच कप्प्यात राहू दिली. यापुढे काय घडेल हे सर्वस्वी प्रकल्पाचे सभासदत्व कोणत्या पद्धतीने ठरविले जाते यावर अवलंबून आहे.

प्रकल्प फाइलीत फाइलींची नावे एकेक करून लिहिलेली असतील आणि नवी फाइल यादीत घालावयाची राहून गेली, तर संकलन निर्वेध पार पडते. सहाही फाइली जागेवर असतात, एकही तक्रार उमटत नाही आणि देयके जुन्या दराने निघतात. याउलट कप्प्यातील सर्व फाइली आपोआप सभासद धरल्या जात असतील, तर जुनी व नवी अशा दोन्ही फाइली जोडकापुढे येतात, एकाच नावाचे कार्य दोनदा सापडल्यामुळे तो अडून बसतो व चूक तत्काळ उघडकीस येते. येथे दुसरी पद्धत सरस ठरलेली दिसत असली, तरी तीही इतर प्रसंगी दगा देते. ते पुढे येईल. यावरून ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की ज्या चुकीने काम थांबते ती चूक स्वस्त पडते. ज्या चुकीने काम चालूच राहते ती ऊस उत्पादकाच्या खात्यापर्यंत पोहोचते.

इतिहास : छिद्रित पत्रांच्या काळात पत्रांची गड्डी हीच प्रकल्पाची व्याख्या असे. गड्डीत जे पत्र आहे ते आज्ञावलीत आहे. १९५८ मधील फोर्ट्रान-२ या भाषेत उपकार्यक्रमांचे वेगवेगळे संकलन करण्याची सोय झाली आणि तेव्हापासून तुकड्यांचा हिशोब ठेवण्याची गरज वाढत गेली.

या बाबतीतील सर्वांत प्रभावी पाऊल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये उचलले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अगदी बरोबर असलेल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली होती. दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता, परंतु दुरुस्त केलेल्या फाइलीचे पुन्हा संकलन झाले नव्हते आणि जोडक जुनाच तुकडा जोडीत होता. फेल्डमन स्वतःही आदल्या संध्याकाळी अशाच घोटाळ्यात अडकले होते. यातून ‘मेक’ ही उपयुक्तता जन्माला आली. मेकफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत कोणती वस्तू कोणत्या फाइलींपासून बनते हे लिहावयाचे आणि फाइलींच्या अखेरच्या बदलाच्या वेळा ताडून जेवढे शिळे झाले असेल तेवढेच मेकने पुन्हा बनवावयाचे, अशी तिची रीत आहे. या कार्याबद्दल फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला. मेक आजही सर्रास वापरात आहे.

मेकफाइल हाताने लिहावी लागते व नवशिक्याला ती दुर्बोध वाटते. वैयक्तिक संगणकांवर आलेल्या एकात्मिक परिसरांनी हेच काम पडद्यावरील यादीच्या रूपाने सोपे केले. बोरलँड कंपनीचे टर्बो पास्कल १९८३ मध्ये आले. त्याच्या १९८७ मधील चौथ्या आवृत्तीपासून आज्ञावलीचे वेगवेगळे घटक मूळ मजकुरातच ‘युजेस’ या शब्दापुढे घोषित करता येऊ लागले. त्यासाठी वेगळ्या यादीची गरज पडत नसे. सी भाषेत अशी सोय नसल्याने १९८७ मध्येच आलेल्या टर्बो सीमध्ये ‘पीआरजे’ हा प्रत्यय असलेली प्रकल्प फाइल आली. प्रारंभी ती साधा मजकूर असे : एका ओळीत एक फाइल आणि ती ज्या शीर्ष फाइलींवर अवलंबून असेल त्यांची नावे कंसात. १९९० च्या टर्बो सी++ मध्ये ती द्विमान स्वरूपाची झाली व केवळ परिसरातूनच वाचता येऊ लागली. जुन्या फाइलींचे रूपांतर करण्यासाठी कंपनीने स्वतंत्र साधन दिले होते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना प्रकल्प फाइलीची ओळख झाली ती याच परिसरातून. १९८३ मध्ये राज्यात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि त्याच वर्षी अहमदनगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव व नगरजवळील विळद घाट येथे अशी महाविद्यालये स्थापन झाली. पुणे विद्यापीठाच्या छत्राखालील या व इतर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी हे उत्पादन म्हणून कालबाह्य झाल्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिले. त्याचा एक परिणाम असा, की प्रकल्प फाइलीच्या बहुतेक सर्व खोड्या येथील विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरच शिकाव्या लागल्या.

त्यांतील एक खोडी विशेष फसवी आहे. प्रकल्प उघडलेला नसेल, तर टर्बो सी समोरच्या खिडकीतील फाइलीचेच संकलन करून ती चालविते. प्रकल्प उघडा असेल, तर मात्र खिडकीत कोणतीही फाइल असली तरी प्रकल्पातील फाइलींचीच आज्ञावली बनून चालते. त्यामुळे आधीच्या विद्यार्थ्याने उघडा ठेवलेला प्रकल्प लक्षात न घेता नव्या विद्यार्थ्याने आपला कार्यक्रम लिहून चालविला, की पडद्यावर भलताच परिणाम दिसतो व मजकुरात कितीही फेरफार केले तरी तो बदलत नाही. दुसरी खोडी स्थलांतराची. शीर्ष फाइली व ग्रंथालये कोणत्या मार्गावर आहेत हेही प्रकल्प फाइलीत नोंदलेले असते. महाविद्यालयातील यंत्रावर टर्बो सी एका कप्प्यात व घरच्या यंत्रावर दुसऱ्या कप्प्यात बसविलेले असेल, तर नेलेली प्रकल्प फाइल घरी उघडताच अत्यंत प्राथमिक शीर्ष फाइलदेखील सापडत नसल्याची तक्रार येते. दोष विद्यार्थ्याच्या मजकुरात नसतो, पण तो शोधला जातो तेथेच. यादीत एखादी फाइल घालावयाची राहिली, तर तिच्यातील कार्य ‘अव्याख्यात चिन्ह’ आहे असे जोडक सांगतो. सी भाषेतील नावामागे संकलक अधोरेषा जोडीत असल्याने त्या संदेशातील नाव विद्यार्थ्याने लिहिलेल्या नावाहून किंचित वेगळे दिसते व गोंधळात भर पडते.

सभासदत्व ठरविण्याच्या पद्धती : यांत प्रमुख दोन पक्ष आहेत. पहिला नामनिर्देशाचा. व्हिज्युअल बेसिक, डेल्फी, व्हिज्युअल सी++, ॲपलचे एक्सकोड हे परिसर मुळात या पक्षाचे. फाइल नुसती कप्प्यात ठेवून भागत नाही. ती ‘प्रकल्पात समाविष्ट करा’ असे सांगावे लागते. एकाच प्रकल्पातून अनेक आज्ञावल्या बनत असतील, तर अमुक फाइल कोणकोणत्या आज्ञावलीची सभासद आहे हेही ठरवावे लागते. एक्सकोडमध्ये यास लक्ष्य-सभासदत्व असे समर्पक नाव आहे. या पद्धतीत हेतू स्पष्ट राहतो. मात्र अनेकांनी मिळून काम करताना सगळ्यांचे बदल एकाच यादीत येऊन आदळतात. एक्सकोडच्या यादीत प्रत्येक फाइलीस चोवीस षोडशमान अंकांची ओळख दिलेली असल्याने दोघांचे बदल हाताने एकत्र करणे जिकिरीचे होते. फाइलीचे नाव बदलणे म्हणजे यादीत एक नाव वगळून दुसरे घालणे होय. हे काम परिसराबाहेर केल्यास यादीत मृत नाव शिल्लक राहते.

दुसरा पक्ष स्थळाचा : अमुक कप्प्याखाली जे आहे ते सर्व प्रकल्पाचे. जावा भाषेत मजकुराचे गट व कप्प्यांची रचना यांची सांगड असल्याने २००१ मध्ये खुला झालेला एक्लिप्स हा परिसर ‘मूळ मजकुराचा कप्पा’ घोषित करून त्यातील सर्व जावा फाइली सभासद मानतो आणि नको असलेल्या तेवढ्या वगळण्याची सोय देतो. मुंबईच्या आयआयटीमधील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने तयार केलेले एक्लिप्सवरील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. गो भाषेत तर एका कप्प्यातील सर्व फाइली मिळून एक संच, असा भाषेच्या साधनांचाच नियम आहे व चाचणीच्या फाइली नावाच्या शेवटावरून वेगळ्या ओळखल्या जातात. रस्ट भाषेने टर्बो पास्कलप्रमाणे घोषणा मजकुरातच ठेवली आहे; जिचा उल्लेख नाही ती फाइल कप्प्यात असूनही संकलित होत नाही.

काळाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प प्रकल्पांत पूर्वी प्रत्येक फाइलीचे नाव असे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ बरोबर आलेल्या नव्या धाटणीच्या प्रकल्प फाइलीत कप्प्याखालील सर्व सी-शार्प फाइली आपोआप सभासद होतात आणि लिहावे लागते ते फक्त वगळलेल्यांचे नाव. शेकडो ओळींच्या फाइली त्यामुळे पाच-दहा ओळींवर आल्या. एक्सकोडनेही २०२४ मधील सोळाव्या आवृत्तीत कप्प्याशी जुळते राहणारे गट आणले. याला अपवाद सीमेक या साधनाचा. त्याच्या अधिकृत पुस्तिकेत नमुन्यावरून फाइली गोळा करू नयेत, असा स्पष्ट सल्ला आहे. कारण असे, की नवी फाइल कप्प्यात आली तरी यादीची फाइल बदलत नाही व बदल झाल्याचे बांधणीच्या यंत्रणेस कळत नाही. २०१८ मध्ये यावर तोड म्हणून प्रत्येक बांधणीच्या वेळी कप्पा तपासण्याची सोय करण्यात आली, तरी मूळ सल्ला कायम आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते मोठ्या व दीर्घायुषी कामासाठी नामनिर्देशच श्रेयस्कर, कारण सभासदत्वाचा प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची त्यात फेरफाराच्या नोंदीसारखी लेखी खूण राहते. लहान कामात मात्र तो निष्कारण जाच होतो.

मूक चुका : वर पाहिलेल्या ऊसबिलासारख्या, तक्रार न उमटविणाऱ्या चुकांचे आणखी काही प्रकार आहेत. चाचणीची फाइल यादीतून सुटली, तर तीतील चाचण्या नापास होत नाहीत. त्या घेतल्याच जात नाहीत आणि अहवालात सर्व काही उत्तीर्ण दिसते. सी++ मध्ये काही घटक आज्ञावली सुरू होताच स्वतःची नोंद करतात व त्यांचे नाव इतरत्र कोठेही येत नाही; असा घटक यादीत नसेल, तर जोडक तक्रार करीत नाही, फक्त ती सुविधा नाहीशी होते. टाइपस्क्रिप्टसारख्या भाषेत प्रकल्पाबाहेर पडलेली फाइल संपादकात उघडते, रंगीतही दिसते, पण तिला वेगळे नियम लावले जात असल्याने संपादकातील चुकांच्या खुणा व प्रत्यक्ष संकलनातील चुका यांचा मेळ बसत नाही.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळीच अडचण आहे. जावामध्ये वर्गाला देवनागरी नाव देता येते व सार्वजनिक वर्गाचे नाव फाइलीच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. ‘सातबाऱ्याची_नोंद’ असे नाव घेतल्यास त्यातील ‘ऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिला जाऊ शकतो : ऱ हे एकच चिन्ह वापरून, र व नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या साह्याने. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य असले, तरी संगणकाच्या साठ्यात ते भिन्न असतात. ॲपलच्या जुन्या एचएफएस-प्लस फाइल पद्धतीत नाव साठविताना पहिल्या प्रकाराचे आपोआप दुसऱ्यात विघटन होत असे. यादीत एक रूप व तबकडीवर दुसरे, अशी स्थिती आल्यास डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात आणि साधन मात्र फाइल सापडत नाही म्हणते. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस पद्धतीत नाव दिले तसेच जपले जाते व शोधताना पहिल्या दोन रूपांतील भेद मानला जात नाही. तिसरे रूप तेथेही वेगळेच राहते. या कारणाने मराठी आज्ञावलीकार मजकुरातील संदेश मराठीत लिहूनही फाइलींची नावे रोमन ठेवतात.

सुरक्षा व कायदा : जे यादीत असावयास हवे ते नसणे जसे घातक, तसेच जे नसावयास हवे ते असणेही. नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढे पदरच्या ओव्या शिरल्या आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठशुद्धी करून, यापुढे कोणी ओवी घालू नये असे बजावावे लागले. संगणकाच्या क्षेत्रात अशा प्रक्षेपाचे ठळक उदाहरण २०२४ चे आहे. लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत परक्या यंत्रात शिरकाव करून देणारा चोरदरवाजा ठेवलेला आढळला. दुष्ट मजकूर चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या म्हणून ठेवलेल्या फाइलींत दडविलेला होता. तो बाहेर काढून बांधणीत मिसळण्याची क्रिया सुरू करणारी फाइल मात्र सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे भांडारातील यादी व गठ्ठ्यातील यादी या दोहोंत अंतर होते आणि ते कोणी ताडून पाहिले नव्हते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले व त्याच्या मागावर जाऊन त्याने २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. तोपर्यंत या आवृत्त्या लिनक्सच्या काही वितरणांच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या. बहुतेक स्थिर वितरणे थोडक्यात बचावली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९१) ‘संपूर्ण मूळ मजकूर’ या संज्ञेत संकलन व स्थापना नियंत्रित करणाऱ्या संहितांचाही समावेश केलेला आहे. त्यामुळे अशा परवान्याखालील आज्ञावली यंत्रभाषेत वितरित करणाऱ्याने केवळ फाइली देऊन भागत नाही. त्या एकत्र कशा आणावयाच्या हे सांगणारी मेकफाइल किंवा तिच्यासारखी फाइलही द्यावी लागते. ती नसेल, तर घेणाऱ्याच्या हाती आज्ञावलीचे सर्व तुकडे येऊनही त्यांतून तीच आज्ञावली पुन्हा बनविता येईलच असे नाही.